टिपणिसांचा तिसरा सेट

वेल्समधल्या कार्डिफच्या व्हिटचर्च भागातले डॉ. शशिधर टिपणीस यांनी चौतीस वर्षं इस्पितळात लोकांचे कान, नाक आणि घसे तपासले आणि एवढ्या वर्षांत त्यांना आपल्या तोडीचा एकही माणूस भेटला नाही. ज्युनिअर डॉक्टर मठ्ठ, मॅनेजर महामठ्ठ, पेशंट तर बोलूनचालून पेशंट. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र मंडळात जाऊ लागले, पण तिथे कुणी त्यांचं भाषण ठेवेना, म्हणून मंडळही मठ्ठ ठरलं. तुच्छ लेखायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा त्यांनी सीबी रेडिओ घेतला.

या रेडिओला परवाना नको, परीक्षा नको. छपरावर एरियल लावायची, माइकची पट्टी दाबायची आणि वीस-पंचवीस मैलांतल्या कुठल्याही रिकामटेकड्याशी बोलायचं. एके काळी हा लॉरीवाल्यांचा शौक होता. आता उरलेत ते गुडघेदुखीवाले. दर रविवारी सकाळी अकराला अशी आठ-नऊ माणसं एका चॅनलवर जमतात. या बैठकीला ते नेट म्हणतात. एक जण कंट्रोलर असतो. तो एकेकाला बोलावतो, तो माणूस पाऊस, गुडघे आणि कौन्सिलने न उचललेला कचरा यांवर बोलतो, आणि बाकीचे ऐकतात.

ऐकतात, हीच तर मेख होती. एकाने पट्टी दाबून धरली की दुसऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही. टिपणिसांना असं सुख कुठेच उरलं नव्हतं. केंब्रिजला असलेला मुलगा वेद फोनवर दुसऱ्याच वाक्याला म्हणायचा, "बाबा, मी कॉल यू बॅक, ओके?" आणि मग तो कॉल काही यायचा नाही. बायको मधुमती, निवृत्त डाएटिशियन, समोर बसून कोडं सोडवत हं-हं करायची. रविवारी मात्र आठ माणसं चार मिनिटं गुपचूप बसायची. ती माणसं अडाणी होती हे खरं, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी.

कंट्रोलर होता डेलविन, बॅरीचा निवृत्त बसड्रायव्हर. उन्हाळ्यात त्याने जाहीर केलं की तो मुलीकडे टेन्बीला, म्हणजे रेडिओच्या टप्प्याबाहेर, राहायला जाणार. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी नवा कंट्रोलर ठरेल आणि ज्याचा आवाज न्यूपोर्टपासून बॅरीपर्यंत सगळ्यांना स्वच्छ पोचेल त्याला तो मान मिळेल. टिपणिसांच्या मनाने त्याच क्षणी कंट्रोलरच्या खुर्चीचा ध्यास घेतला. दर रविवारी आपण हाक मारायची आणि आपण म्हणू तेव्हा लोकांनी बोलायचं. याखेरीज त्यांना आयुष्यात आता काहीही नको होतं. शर्यतीत दुसरं होतं तरी कोण? कॅरफिलीची ब्रॉनी. शाळेत मुलांना जेवण वाढणारी बाई, स्वस्तातला सेट, आणि ती बोलत असताना मागे तिचा पोपट किंचाळणार.

अडचण एकच होती. आपला आवाज दुसऱ्याकडे कसा पोचतो हे बोलणाऱ्याला कळत नाही. ते दुसऱ्यानेच सांगावं लागतं. कानाच्या डॉक्टरला बसड्रायव्हरकडून कानाचा रिपोर्ट मागायची पाळी आली.

पहिला सेट नवाकोरा, दिव्यांनी लखलखणारा होता. त्यात आवाज घुमवायचं बटण होतं आणि टिपणिसांनी ते पूर्ण फिरवलं. न्यूपोर्टच्या एकाने विचारलं, "डॉक, बाथरूममधून बोलताय का?" सेट परत गेला. दुसरा चाळीस वर्षांचा जुना होता, जाणकार ज्याची ग्वाही देतात असा. त्यावर म्हणे ते दुलईखालून बोलल्यासारखे वाटायचे. टिपणिसांनी सेट बदलले, वायरी बदलल्या, खुर्चीसुद्धा बदलली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मधुमती एकदा पुटपुटली आणि पुन्हा कोड्यात शिरली.

शेवटी डेलविन स्वतः आला. बॅरीहून दोन बस बदलून, पिशवीत सोल्डरिंग आयर्न घेऊन. शिडीवर चढून त्याने एरियलचा गंजलेला सांधा नव्याने जोडला, खाली येऊन सांगितलं की माइक तोंडापासून वीतभर लांब धरा आणि ओरडू नका, चहा घेतला आणि गेला. टिपणीस म्हणाले, "ड्रायव्हर लोकांना असली कामं जमतात." आभार मानायचे राहून गेले.

मग आला तिसरा सेट. वजनदार, करडा, टेबलावर ठेवायचा, आणि सोबत उभ्या मानेचा माइक. माइकच्या पट्टीला एक खटका होता. तो पुढे सरकवला की पट्टी दाबलेलीच राहते आणि हात मोकळे होतात. चालू असल्याची खूण म्हणून लाल दिवा लागतो. असा सेट या माणसाच्या हाती देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं.

ठरलेल्या रविवारी पावणेअकरालाच सगळे चॅनलवर हजर होते. टिपणिसांनी इंग्रजीत जाहीर केलं की ते नव्या सेटची चाचणी घेत आहेत, सर्वांनी लक्ष देऊन ऐकावं आणि प्रामाणिक रिपोर्ट द्यावा. मग दोन्ही हातांत वर्तमानपत्र धरता यावं म्हणून त्यांनी खटका सरकवला आणि अग्रलेखाचा एक परिच्छेद वाचला. वाचून झाल्यावर पेपर खाली ठेवला. खटका तसाच राहिला. तेवढ्यात मधुमती चहा घेऊन आली.

"झालं का तुमचं?" तिने विचारलं.

"बघ, कसे चिडीचूप आहेत," टिपणीस खुशीत म्हणाले. पट्टी दाबलेली असताना पलीकडचं काही ऐकू येत नाही, हे ते त्या आनंदात विसरले. "स्पीचलेस झालेत सगळे. आहेच काय त्यांच्यात? टोटली अनएज्युकेटेड. तो डेलविन बघ, आयुष्यभर बस चालवली आणि इथे बॉस बनून बसलाय. कम्प्लीट इडियट. आणि ती ब्रॉनी, डिनर लेडी! तिच्यापेक्षा तिचा तो पॅरट जास्त इंटेलिजंट असेल. वन ब्रेन सेल बिट्वीन द होल लॉट."

"अहो, तो बिचारा शिडीवर चढला होता तुमच्यासाठी."

"चीप लेबर," टिपणीस म्हणाले. "एकदा कंट्रोलर होऊ दे मला. तोवर स्वीट बोलायचं. देन आय विल टीच देम सम डिसिप्लिन."

समोरच्याच्या तोंडावर मराठीत बोललं की त्याला कळत नाही, हा इथल्या आपल्या लोकांचा जुना भरवसा. लिफ्टमध्ये, चेकआउटच्या रांगेत, वॉर्डात पेशंटच्या उशाशी, सगळीकडे हाच भरवसा. पण चाळीस वर्षांत टिपणिसांच्या मराठीतला अपमान करायचा भाग सगळा इंग्रजी झाला होता, आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं.

"अहो," मधुमतीने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "हा लाल दिवा सारखा चालूच असतो का?"

टिपणिसांनी दिव्याकडे पाहिलं. मग खटक्याकडे. खटका मागे ओढताना त्यांचं बोट दोनदा निसटलं.

मग डेलविनचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत.

"डॉक, तुम्ही प्रामाणिक रिपोर्ट मागितला होता. तर आवाज खणखणीत. या चॅनलवर इतका चांगला आवाज मी कधी ऐकला नाही. भाषा काही आम्हाला येत नाही. पण त्यातले बरेचसे शब्द आमचेच होते."

कुणी हसलं असतं तर टिपणिसांना बरं वाटलं असतं. ते सारखे मधुमतीकडे बघत होते, आणि ती, लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेली बाई, त्यांच्याकडे न बघता चहावर बशी झाकत होती. तिला त्यांची कीव आली नाही. तिला लाज वाटत होती, शिडीच्या आठवणीने.

"ब्रॉनी," डेलविन म्हणाला, "आजपासून नेट तुझ्याकडे."

ब्रॉनीने घसा खाकरला. मागे पोपट किंचाळला. तिने न्यूपोर्टला बोलावलं, मग पेनार्थला, मग बॅरीला. सगळे आपापल्या गुडघ्यांबद्दल आणि पावसाबद्दल बोलले. टिपणीस खुर्चीत तसेच बसून राहिले. आपलं नाव आता कायमचं गाळलं, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. त्यांच्या हाती असतं तर त्यांनी हेच केलं असतं.

"व्हिटचर्च," ब्रॉनी म्हणाली. "डॉक, तुमची पाळी. आम्ही ऐकतोय."

टिपणिसांनी पट्टी दाबली. लाल दिवा लागला. माफी मागायचे शब्द त्यांना कोणत्याच भाषेत सापडेनात. कधी लागलेच नव्हते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आठ घरांतली माणसं थांबून राहिली, आणि न्यूपोर्टपासून बॅरीपर्यंत टिपणिसांचा श्वास अगदी स्वच्छ पोचत राहिला.