ताईसोबत धरणाच्या पाण्यावर

ताई पोहायला शिकली ती निवृत्त झाल्यावर. सगळी नोकरी तिने आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली, दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले, कानांना मशीन लागली आणि मग एके दिवशी ती यवतमाळच्या जलतरण तलावात शाळेच्या पोरींसोबत उतरली. मी तिची धाकटी बहीण. दारव्ह्याला आमचं औषधांचं दुकान आहे. मला पाण्याची भीती वाटते आणि ती लपवायचा मी कधी प्रयत्नही केला नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर. शेतातल्या आमच्या विहिरीला कठडा नव्हता. पाय सरकला की माणूस खाली गेलं, एवढीच पाण्याची ओळख घेऊन मी मोठी झाले.

त्यामुळे ताईचा फोन आला तेव्हा मला आधी ती थट्टा वाटली.

"लहाने, आठ दिवसाची ब्याग भर. आपण होडीत जाऊन राह्यलो."

"कुठं?"

"पुसदकडच्या धरणावर. शिडाची होडी हाय. तुयंबी नाव सांगितलं मी."

"मले पोहता येत नाई, ताई."

"मले येते ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पैनगंगेवरच्या त्या धरणाचं पाणी एका बाजूला टेकड्यांमध्ये इतकं आत घुसलं आहे की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. आम्ही समुद्र न पाहिलेली माणसं त्याला खाडीच म्हणायला लागलो. नौदलातून निवृत्त होऊन गावी परतलेले एक गृहस्थ तिथे दोन शिडाच्या होड्या ठेवून होते. हुद्द्याने ते कॅप्टन नव्हते, पण गावाने त्यांना कॅप्टन करून टाकलं होतं. हिवाळा सरता सरता ते पाच-सहा जणांना घेऊन ही खाडी काठाकाठाने फिरवून आणत. दिवसा होडी, मुक्काम काठावरच्या तांड्यात नाहीतर गावात. तंबू आणि अंथरुणं रस्त्याने एका जीपमधून पुढे जात.

ताईला एकटीला पाठवायची माझी हिंमत नव्हती. साठीची बाई, कानाने अधू, गुडघ्याने अधू. मी गेले ते तिच्यावर नजर ठेवायला. पण पहिल्याच सकाळी कॅप्टननी वजन पाहून माणसं वाटली आणि ताई दुसऱ्या होडीत गेली. तिच्या होडीचं सुकाणू कॅप्टनची मुलगी धरणार होती. तिशीची, कॉलेजात खेळ शिकवणारी, कमी बोलणारी. तिसरी होती यवतमाळच्या एका बँकवाल्याची बायको. तो बँकवाला, मी आणि कॅप्टन आमच्या होडीत. म्हणजे आमच्या होडीतल्या प्रत्येकाचं एक माणूस त्या होडीत होतं. तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिले दिवस मी होडीची कड धरून काढले. बोटांना वळ उठले. पाणी स्थिर असलं तरी मला त्याच्या खालचं दिसायचं. धरणाने गावं पोटात घेतली तेव्हाची झाडं अजून तशीच उभी होती. वठलेले काळे शेंडे पाण्याबाहेर, बाकी सगळं आत. होडी त्यांच्या जवळून गेली की खाली फांद्या हिरवट अंधारात जाताना दिसत. बँकवाला फोटो काढायचा. काठावर पळस पेटला होता, मोहाचा वास पाण्यावर यायचा. हे सगळं सुंदर होतं हे मला कळत होतं, पण माझं लक्ष त्या दुसऱ्या होडीतल्या ताईच्या नारिंगी लाइफ जॅकेटवर असायचं. ताई मधूनच हात हलवायची. संध्याकाळी काठावर पाय टेकला की तांड्यातल्या बाईने दिलेली भाकर-ठेचा मी अधाशासारखी खायची.

"तू येवढी भेतं काहून?" ताईने एकदा विचारलं.

"तू भेत नाई म्हणून दोघींचं मलेच भ्या लागते," मी म्हणाले. ती खूप हसली.

आठवड्याच्या मध्यावर खाडीचा सगळ्यात रुंद भाग आला. काठाने गेलं तर झाडांच्या खुंटांमध्ये होड्या अडकणार, म्हणून कॅप्टननी सरळ पलीकडे कापून जायचं ठरवलं. सकाळपासून उकडत होतं. दुपारी आम्ही मध्यावर असताना वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. कुठेतरी एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली. मराठवाड्याच्या बाजूचं आभाळ जांभळं झालं होतं. त्या जांभळ्याच्या खाली एक पांढुरका पट्टा होता आणि तो सरकत होता.

"पाणी येते काय?" बँकवाल्याने विचारलं.

कॅप्टन उभे राहिले. ते त्या पट्ट्याकडे पाहत होते. मग त्यांनी मागे वळून मुलीच्या होडीकडे पाहिलं. ती आमच्यापासून हाक पोहोचेल इतक्या अंतरावर होती. ते दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "शीड खाली घे! आत्ताच!"

मुलीने हात वर केला. ती डोलकाठीपाशी गेली, दोर ओढायला लागली. ताई आपल्या कानाची मशीन काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवत होती. पाऊस येणार म्हटल्यावर तिने मशीन जपली. आमचं शीड खाली आलं. त्यांचं अर्ध्यावर अडकलं. मुलगी जोर लावत होती, बँकवाल्याची बायको तिला मदत करायला उभी राहिली, आणि तेवढ्यात वारा आला.

असा वारा मी जमिनीवरही पाहिला नव्हता. होडी एका कुशीवर पडली आणि मी तळाशी जाऊन आदळले. मग गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पाण्यावर त्या पडायच्या तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसायचं, आणि आवाज असा की शेजारचा ओरडत असूनही फक्त त्याचं तोंड हलताना दिसायचं. पाठीवर, डोक्यावर, बोटांवर दगड बसत होते. बँकवाल्याने खाली आलेलं शीड आमच्यावर ओढलं. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं. मी कडेवरून डोकं काढून पाहिलं. दुसरी होडी दिसत नव्हती. चारी बाजूंनी पांढरी भिंत होती.

मी ताईला हाका मारल्या. मारताना मला कळत होतं की तिला मशीन असती तरी ऐकू गेलं नसतं, आणि आता तर मशीनही नाही. तरी मी मारत राहिले.

वाऱ्याने आम्हाला त्या वठलेल्या झाडांमध्ये नेऊन घातलं. कॅप्टननी एका शेंड्याला दोर टाकला, होडी हिसका देऊन थांबली. मग हळूहळू गारा विरळ झाल्या, नुसता पाऊस उरला, तोही ओसरला. पाण्यावर गारांचा थर तरंगत होता. थंडीने माझे दात वाजत होते.

आणि समोर, बऱ्याच अंतरावर, होडीचा पांढरा तळ दिसला. पालथा.

कॅप्टन दोर सोडायला लागले. मी त्यांचे हात पाहिले. सगळा जन्म ज्या माणसाने दोरांच्या गाठी मारल्या आणि सोडल्या, त्याला ती गाठ सुटत नव्हती. बोटं नुसती त्या गाठीवरून फिरत होती. तोपर्यंत मी भीत होते, पण मनात कुठेतरी होतं की यांना सगळं माहीत आहे. त्यांची ती बोटं पाहिली आणि तोही आधार गेला. शेवटी बँकवाल्याने सुरीने दोर कापला. आम्ही वल्ही मारायला लागलो. मला वल्हं धरताही येत नव्हतं. मी मारत होते.

पालथ्या होडीपाशी कुणी नव्हतं. शीड पाण्यात फुगून पसरलं होतं. त्याच्या कडेला दोरात गुंतलेलं एक नारिंगी जॅकेट तरंगत होतं. रिकामं. त्याचे पट्टे उघडे होते. खांद्यावर ताईने ओळखीसाठी शिवलेली निळी चिंधी होती.

मी जॅकेट ओढून मांडीवर घेतलं. त्यातून पाणी गळत होतं. बँकवाला शिडाखाली हात घालून चाचपत होता आणि रडत होता. कॅप्टन मुलीचं नाव घेत होते, ओरडून नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं, एकसारखं. मला त्या वेळी काहीच आठवलं नाही, ना आई ना देव. घरी काय सांगायचं, दोघी गेलतो आणि मी एकटी परत आली हे कोणत्या शब्दांत सांगायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

"तिथं!" बँकवाला एकदम ओरडला.

झाडांच्या पलीकडे बुडालेल्या टेकडीचा माथा पाण्याबाहेर होता. दगड आणि थोडं झुडूप. त्यावर कुणीतरी हात हलवत होतं. आम्ही वेड्यासारखी वल्ही मारली. जवळ गेल्यावर दिसलं, मुलगी उभी होती आणि तिच्या पायाशी बँकवाल्याची बायको एक हात छातीशी धरून बसली होती. दोघीच.

होडी टेकायच्या आधीच बँकवाल्याने पाण्यात उडी घेतली. कॅप्टननी मुलीला धरलं. मी होडीतच होते, ते जॅकेट घेऊन. मला विचारायचंच नव्हतं. विचारलं की उत्तर येणार होतं.

मुलीनेच माझ्याकडे पाहिलं. "मावशी, त्या तिकडं गेल्या," ती म्हणाली. "मागच्या अंगाला. तुम्हाला शोधून राह्यल्या."

मी ते दगड कसे चढले मला आठवत नाही. चप्पल पाण्यातच राहिली होती. माथ्यावर पोहोचले तर पलीकडच्या उतारावर, पाण्याच्या अगदी काठाशी, ताई पाठमोरी उभी होती. साडी अंगाला चिकटलेली, केस सुटलेले. ती पाण्याकडे तोंड करून ओरडत होती.

"लहाने! ओ लहाने!"

"ताई!" मी ओरडले.

तिला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग थांबली, जणू उत्तराची वाट पाहत होती. स्वतःला काही ऐकू येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी ती थांबत होती आणि पाण्याकडे टक लावत होती. मी ओरडतच खाली उतरले. हाताच्या अंतरावर आले तरी ती पाण्याशीच बोलत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती किंचाळून वळली. मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की तो मला कुणाला सांगता येणार नाही. मग तिने माझ्या हातातलं जॅकेट पाहिलं.

"हे कायले आणलं?" ती मोठ्याने म्हणाली.

नंतर तिने सांगितलं. वाऱ्याने होडी झाडांपाशी नेऊन उलटवली तेव्हा ती शिडाखाली सापडली. जॅकेट तिला वर ढकलत होतं आणि वर शीड होतं. पट्टा दोरात अडकलेला. तिने पट्टे सोडले, खाली बुडी मारली आणि शिडाच्या बाहेर निघाली. बाकी दोघी जवळच्या झाडाला धरून होत्या. बँकवाल्याच्या बायकोचा हात डोलकाठी लागून मोडला होता. वाऱ्याचा जोर टेकडीकडेच होता, तिघी ढकलल्यासारख्या तिथे लागल्या.

हात मोडलेल्या बाईला मासे धरणाऱ्यांच्या डोंग्यातून काठावर नेलं, तिथून बँकवाल्यासोबत जीपने पुसदच्या दवाखान्यात. कॅप्टन म्हणाले, सहल संपली, होड्या ट्रॉलीवर टाकून नेऊ. पण त्यांच्या मुलीने दुसऱ्या सकाळी आपली होडी सरळ करून, पाणी उपसून ठेवली होती, आणि ताई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली होती.

"इतक्या दूर आलो, तर मग फिरूनच जाऊ," ताई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, कारण मशीनची डबी धरणाने ठेवून घेतली होती.

मला जीपने जाता आलं असतं. कॅप्टननी तसं सांगितलंही. पण रस्त्याने जायचं म्हणजे झाडांच्या आडून होडी दिसणार नाही, तासन् तास दिसणार नाही. ते मला जमणारं नव्हतं. मी होडीत बसले, ताईच्या मागे, तिच्या जॅकेटचा पट्टा मुठीत धरून.

उरलेले दिवस आम्ही काठ सोडला नाही. खुंटांमध्ये होडी अडकली तर उतरून ढकलली. कॅप्टन सारखे आभाळाकडे पाहत होते. एकदा दुपारी डोंगरावर कापसाच्या पेळूएवढा ढग दिसला तर त्यांनी दोन्ही होड्या काठाला लावल्या आणि आम्ही सगळे चिखलात बसून तो ढग विरायची वाट पाहत राहिलो. कुणी हसलं नाही.

शेवटच्या दिवशी धरणाच्या भिंतीपाशी बँकवाला आणि त्याची बायको आम्हाला घ्यायला आले होते. तिच्या हाताला प्लास्टर होतं. ती सरळ कॅप्टनसमोर गेली.

"तुम्हाला आभाळ दिसत होतं," ती म्हणाली. "दिसत होतं ना? मग आम्हाला मधात काहून नेलं?"

"चुकलं माझं," कॅप्टन म्हणाले. एवढंच. ती बाई गाडीकडे वळली. मुलीने येऊन वडिलांच्या हातातली वल्ही घेतली.

ताई माझ्याकडेच उतरली. माझ्या नवऱ्याने दारातच विचारलं, "मजा आली काय?" ताईने ओठांवरून ओळखलं आणि सांगायला बसली. शिडाखालून ती कशी निघाली ते ती हातवारे करून सांगत होती आणि घरातले सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. मी अंघोळीला गेले. बादली भरली, तांब्या बुडवला, डोक्यापर्यंत उचलला. बाहेरून ताईचा आवाज येत होता. तो थांबला की मी तांब्या तसाच धरून ऐकत राहायची, आणि पुन्हा सुरू झाला की मगच पाणी अंगावर घ्यायची.