रविवारची कबुली

"बटण कोणी चालू केलं होतं?"

दर रविवारी सकाळी आमच्या चाळीच्या गॅलरीत हा प्रश्न विचारला जायचा. विचारणाऱ्या काकू स्टुलावर बसलेल्या, उजवा हात ओच्यात ठेवलेला. समोर जमिनीवर जुना पेपर, पेपरवर टोस्टर आणि टोस्टरपुढे मांडी घालून काका, त्यांचे यजमान.

"मी," काका म्हणायचे.

"मोठ्यानं. शेवटच्या खोलीपर्यंत आवाज जाऊक होयो." रागावल्या की काकू मालवणीवर यायच्या.

"मी चालू केलं होतं!"

मग साफसफाई सुरू. प्लग काढून वायर काकांच्या गळ्यात. खालचा ट्रे ओढून चुरा पेपरवर झटकायचा. टोस्टर उलटा धरून थोपटायचा. सुक्या ब्रशनं कोपरे काढायचे. आत पाणी नाही, ओलं फडकं नाही, आणि सुरी तर नाहीच. आठवडाभर काकू त्यांना 'अहो' म्हणत. रविवारी तेवढ्यापुरता 'तू'.

तुम्ही भोईवाड्यात नवीन राहायला आला असतात तर तुम्हाला हसू आलं असतं. पहिल्यांदा आम्हालाही आलं होतं.

काकू ब्लाऊज शिवायच्या. परळपासून दादरपर्यंतच्या बायका त्यांच्याकडे यायच्या. माझ्या लग्नातला ब्लाऊज त्यांनीच शिवला. त्याची हूक-काजं इतकी नाजूक होती की माझ्या सासूबाईंनी तो उलटा करून पाहिला होता.

एका सकाळी टोस्टरमध्ये पाव अडकला. खटका खालीच बसलेला. काकूंनी बटण बंद केलं, पण प्लग तसाच ठेवला आणि सुरीनं पाव उकरायला लागल्या. काकांना दुसऱ्या टोस्टची घाई. "अजून झालं नाही?" म्हणत त्यांनी मागून हात घातला आणि बटण दाबलं. काकू फेकल्या गेल्या त्या मोरीच्या कठड्यावर. मनगट मोडलं.

तिथवर अपघात होता. पुढे जे झालं तो नव्हता.

हॉस्पिटलमध्ये, जिन्यात, दूधवाल्यासमोर काका एकच गोष्ट सांगत सुटले. "सुरी घालून टोस्टर साफ करत होती. बटण बंद करायचीसुद्धा अक्कल नाही." आणि हसायचे. लोक भेटायला आले की काकूंच्या प्लास्टरकडे बघून म्हणायचे, "असं करतं का कुणी?" काका चाळ कमिटीतले मानाचे गृहस्थ, त्यांचा शब्द कोण खोटा पाडणार?

प्लास्टर निघालं आणि कळलं की मनगट नीट बसलेलं नाही. अंगठा आणि बोट जुळेनात. सुई धरता येईना. माझं कापड परत देताना काकूंनी मला खरं काय ते सांगितलं. रडल्या नाहीत. "त्याच्या हातून झालं, ते मी गिळलं असतं," म्हणाल्या. "पण चाळभर हसला ना माझ्यावर. आता चाळभरच बोलेल."

त्यांनी काकांना रविवारपर्यंतची मुदत दिली. सगळ्यांसमोर खरं सांगा, नाहीतर सोमवारी वकील गाठते. काका हसले. रविवार गेला. सोमवारी काकू ठेवणीतली साडी नेसल्या, हॉस्पिटलचे कागद पिशवीत घातले आणि जिना उतरल्या. भोईवाड्याचं कोर्ट आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही गॅलरीतून बघत होतो. काका बनियनवरच मागे धावले. कोर्टाच्या फाटकाशी दोघं थांबले. थोड्या वेळानं परत आले तेव्हा काकू पुढे होत्या, काका मागे, पिशवी काकांच्या हातात.

पुढच्या रविवारी पहिली कबुली झाली. आम्ही आधी हसलो, पण काकांची मान वर होत नव्हती. काकूंनी तेच उत्तर त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. काकूंच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती होती की मला भीती वाटली. आम्हाला वाटलं, संपलं. काकू उठता उठता म्हणाल्या, "आता पुढल्या रविवारी."

काकांचे मोठे भाऊ डिलाईल रोडवरून अधूनमधून यायचे. त्यांना हे सहन व्हायचं नाही. "बायकोपुढे मांडी घालून बसतोस? ऊठ!" काका उठायचे नाहीत. काकू शांतपणे म्हणायच्या, "भावोजी, चहा हवा तर आत बसा. मध्ये बोलू नका."

वर्षं गेली. एकदा मीच धीर केला. "काकू, पुरे आता."

त्यांनी सुईदोरा काढला आणि माझ्यासमोर ओवायला घेतला. दोरा सुईच्या नाकाशी जायचा आणि थरथरून बाजूला पडायचा. शेवटी सुई माझ्या हातात दिली. "माझं हे रोज होतं गं. त्याला आठवड्यातून एकदाच." मी पुन्हा विषय काढला नाही.

मग काकांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. हॉस्पिटलमधून घरी आणलं आणि रविवारी आम्ही बघतो तर काकूंनी पेपर पसरलेला, टोस्टर ठेवलेला, आणि काकांची खुर्ची गॅलरीत ओढलेली.

"बटण कोणी चालू केलं होतं?"

काका नुसते बघत राहिले. तोंडातून लाळ गळत होती. भाऊ ओरडले, "तुम्ही माणूस आहात की कोण?" काकूंनी पदरानं काकांचं तोंड पुसलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग स्वतःच डाव्या हातानं टोस्टर साफ केला.

दर रविवारी हेच. आम्ही दारं लावून घ्यायला लागलो. बघवत नव्हतं. चाळीतल्या बायका काकूंशी बोलेनाशा झाल्या. काकू सगळ्यांची दारं बंद होताना बघायच्या आणि तरी विचारायच्या.

आणि एका रविवारी बंद दाराआडून मी ऐकलं. "म्... म्... मी."

मी दार उघडलं. काकांचा चेहरा लालबुंद झालेला. काकू स्टुलावरून अर्धवट उठलेल्या.

"मोठ्यानं," त्या म्हणाल्या.

"मी!"

काकू आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या चहात बुडवलेला टोस्ट घेऊन. एकेक घास त्यांनी काकांना भरवला. मग विचारलं, "तुझ्या भावाचं नाव काय?" त्या दिवसापासून प्रश्न वाढत गेले. काल काय जेवलास, हा कोणता महिना, खाली कोण ओरडतंय. काका तुटक तुटक बोलायला लागले, आधारानं उभे राहायलाही. पहिला प्रश्न मात्र सुटला नाही.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं का, असं विचारत राहायला?" मी विचारलं.

"डॉक्टर कशाला सांगतील?" काकू म्हणाल्या. "मला त्याला सोडायचं नव्हतं."

गेल्या वर्षी काकू गेल्या. दुपारी पडल्या होत्या, उठल्याच नाहीत.

तेराव्याला पंगत बसली. काका भिंतीला धरून उभे राहून कुणाला काय हवं-नको बघत होते. भावाच्या पानात भात पडला, वर वरण आलं. त्यांनी कालवायला घेतलं आणि मायेनंच म्हणाले, "सुटलास रे बाबा एकदाचा."

काका थांबले. हळूहळू वाकले आणि भावाच्या पुढ्यातलं ताट उचलून घेतलं.

"अरे, काय करतोस?"

"ऊठ," काका म्हणाले. मग श्वास घेऊन, एकेक अक्षर जुळवत, "माझ्या... घरात... नाही."

भाऊ आमच्याकडे बघायला लागले. भातानं भरलेला हात तसाच धरून ते उठले आणि जिना उतरून गेले. मी पुढे होऊन ताट घ्यायला हात केला. काकांनी ते दिलं नाही. वरण कडेनं सांडत होतं, आणि ते जिन्याकडे बघत तसेच उभे होते.