वक्त्याची शंका

बुद्धपौर्णिमेच्या दुपारी मुलगी म्हणाली, "बाबा, ते कणांचं वाक्य आज बोललात, तर मी पुन्हा तुमच्या सभेला येणार नाही."

ती दिल्लीतच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. मी केंद्र सरकारच्या नोकरीत. द्वारकेच्या आमच्या सोसायटीत विदर्भ-मराठवाड्याकडची बौद्ध कुटुंबं जमतात, त्यांच्यापुढे मी बरीच वर्षं बुद्धविचार आणि विज्ञान या विषयावर बोलत आलो आहे. वाक्य ठरलेलं: वस्तूतला प्रत्येक कण क्षणाक्षणाला नाहीसा होतो आणि नव्यानं जन्मतो, हे बुद्धांनी ध्यानात अनुभवलं आणि आज ते प्रयोगशाळेत सिद्ध झालं आहे.

"कुठल्या प्रयोगशाळेत?" तिनं विचारलं. "इलेक्ट्रॉन आपोआप मोडल्याचं आजवर कुणाला दिसलेलं नाही. बुद्धांना फिजिक्सच्या परीक्षेला कशाला बसवता, यार?"

"नाही बोलणार," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

ते वाक्य मी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं. घरात गंडादोरा नको, आधी पुरावा विचार, असं या मुलीला बोट धरून शिकवणारा मीच. या एका गोष्टीचा पुरावा मात्र मी कधी मागितला नाही. ती ऐकायला फार बरी वाटत होती.

संध्याकाळी बुद्धवंदना झाली. हॉल भरला होता. मी अनित्यतेपाशी आलो, तसे पहिल्या रांगेतले निवृत्त काका पुढे सरकून बसले. सभा तेच चालवतात, आणि दरवर्षी या वाक्याची वाट पाहतात. तेवढ्यात वरून विमान गेलं; विमानतळ जवळच आहे. आवाज जाईपर्यंत थांबायची आम्हाला सवय आहे. विचार करायला तेवढा वेळ मला मिळाला होता. शेवटच्या रांगेतून मुलगी माझ्याकडे बघत होती.

विमान गेलं आणि मी वाक्य बोललो.

टाळ्या पडल्या. मुलीनं नजर खाली घेतली.

आमच्याकडे व्याख्यानानंतर शंका झाल्याशिवाय खीर वाटत नाहीत, आणि पहिली शंका लहानांची. लहानपणापासून पहिला हात माझ्या मुलीचाच असायचा. "शंका?" म्हणत काकांनी सवयीनं मागं पाहिलं. तिचे हात मांडीवरच होते.

"आज आमच्या वकीलबाई गप्प? चलो, मग खीर आणा."

पातेलं दारातून आत येत असताना मी हात वर केला.

"सर, तुम्ही तर वक्ते," कुणीतरी हसत म्हणालं.

"मला शंका आहे. माझ्याच वाक्याबद्दल. ते प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नाही. मी कधी तपासलंच नव्हतं. दुपारी चूक कळली होती, तरी आत्ता बोललो."

हसणं थांबलं. काकांचा चेहरा उतरला.

"म्हणजे बुद्ध चुकले म्हणता?"

"नाही काका. मी चुकलो."

"आणि आम्ही इतकी वर्षं नातवंडांना सांगितलं, त्याचं काय?"

शेवटच्या रांगेत मुलीचा हात वर झाला. काका तिच्याकडे वळून म्हणाले, "बोल."

ती उभी राहिली. आवाज कोरडाच होता. "बाबा, आता विज्ञानाचं नाव न घेता सांगा. अनित्य म्हणजे नेमकं काय?"

पातेलं घेतलेली माणसं दाराशीच थांबली. मी परत माईकपाशी गेलो.