सरांचा अंगठा
टायपिंगच्या मशीनला हात लावू देण्याआधी आमचे सर त्यावरच्या एकेका शब्दाचा अर्थ विचारायचे. सांगता आला नाही, तर तासभर नुसतं बसवून ठेवायचे. पेणला रामवाडीत एका गाळ्यात त्यांचा क्लास होता. मी रोह्याजवळच्या अष्टमीहून एसटीने अंग मोडून घेत यायची. टायपिंगची परीक्षा सुटली नाही तर घरचे लग्न उरकून टाकणार होते. मला मेले ते अर्थ कशाला हवे होते?

पण सर कुठले सोडतात! "टाईप म्हणजे ठसा. घाव घातल्याबिगर उमटत नाय," म्हणायचे. शिफ्ट म्हणजे कंपनीतली पाळी, एवढंच आम्हाला ठाऊक. सरांनी बटण दाबून मशीनचा जड भाग कसा वर सरकतो ते दाखवलं. जागा सरकते म्हणून शिफ्ट. सर धरमतरकडच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातले. बापाचे तळवे मिठाने खाल्ले, माझी बोटं ही बटणं खातील, असं हसत सांगायचे.

मग समोरच कंप्युटरचा क्लास निघाला आणि पोरी एकेक करून तिकडे गेल्या. मी एकटीच उरले, तीही भिडेपोटी. शेवटी सरांनीच मला घालवलं.

"जा गो, तिकडं जा. पन ध्यानात ठेव, कंप्युटर हे आधी मानसाचं नाव हाय. बसून आकडेमोड करनाऱ्या मानसाला म्हनायचे. यंत्र मागनं आलं."

फार वाईट वाटलं, पण गेले. नोकरी लागली ती त्यामुळेच.

पेणच्या सरकारी कचेरीत आता माझीही बोटं दुखतात. दिवसभर तोच पडदा, तीच रांग. गेल्या वर्षी त्या रांगेत सर दिसले. म्हातारपणाचं सरकारी अनुदान अडकलं होतं. हयात असल्याची खूण म्हणून अंगठा द्यायचा होता. मीच त्यांचा हात धरून अंगठा यंत्राच्या काचेवर टेकवला. उमटला नाही. मग दहाही बोटं लावून पाहिली. सगळी आयुष्यभर बटणांवर आपटून गुळगुळीत झालेली. पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच, ओळख पटत नाही. मला रडूच कोसळलं.

सर दमलेल्या आवाजात म्हणाले, "त्याला काय इचारतेस? तू बघतेस ना मला?"

मी साहेबांशी भांडले. समक्ष पाहिल्याचा दाखला स्वतः टाईप केला, सही आणली. अनुदान सुरू झालं, पण चारच महिने त्यांच्या नशिबी होतं.

यादीतून त्यांचं नाव काढायचं काम माझ्याच टेबलावर आलं. त्यासाठी आधी माझी ओळख पटवायला त्याच काचेवर माझा अंगठा द्यावा लागतो. कितीतरी वेळ मी हात मांडीवरच ठेवून बसले होते. मग टेकवला. यंत्राने मला पहिल्याच वेळी ओळखलं.