ओरम

शेजारच्या नोराआजी गेल्या आठवड्यात वारल्या. ग्वेल्फमधल्या त्यांच्या बंद घरापुढचा बर्फ आज मीच शोव्हल केला, आणि ओल्या लोकरी कोटाच्या वासाने ती जुनी सकाळ आठवली.

नागपूरहून बाबा गेल्याचा फोन आला होता. मी ड्राइव्हवेवर पडत्या बर्फात नुसती उभी होते. नोराआजी जवळ येऊन म्हणाल्या, “तॉ ब्रोन ओरम.” मग समजावलं, “आमच्या आयरिशमध्ये माणूस दुःखी नसतो. ब्रोन म्हणजे दुःख, ओरम म्हणजे माझ्यावर. वर आहे, म्हणजे कधीतरी उतरेल.”

“आमच्यात दुःखाचा डोंगर कोसळतो,” मी म्हणाले.

“मग तुमचं जड,” म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरचा बर्फ झटकला.

आज खांद्यावरचा बर्फ झटकायला हात उचलला, पण म्हटलं, असू दे थोडा वेळ. ओरम.