दाजींच्या गाडीचे उन्हाळी टायर

दाजींनी ती गाडी मे महिन्यात घेतली. दोनच सीट, बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं, आणि चालू केली की नेपरव्हिलमधली आमची अख्खी गल्ली पडदे सारून बघणार. पन्नाशी झाली म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली ती भेट होती. ताईने दारात नारळ फोडला आणि चाकांखाली लिंबं ठेवायला मला सांगितलं, कारण घरात टायरचं म्हणून जे काही असेल ते माझं. वाकलो तेव्हा टायर नीट बघितले. रुंद, खाचा कमी, रबर इतकं मऊ की बोटाला चिकटेल. उन्हाळ्याचे टायर. मे महिन्यात त्याला कुणाची काय हरकत असणार? मीच म्हणालो, "दाजी, टायर झकास आहेत हां." हे वाक्य पुढे सहा महिने त्यांनी मलाच ऐकवलं.

टायर हा एकच विषय मला येतो. नववीत मी शाळा सोडली. गणिताच्या पेपरला म्हणून निघालो तो हायवेवरच्या रिमोल्डिंगच्या शेडमध्ये जाऊन बसलो आणि तिथेच राहिलो. ट्रकचे गुळगुळीत झालेले टायर खरवडायचे, वर नवीन रबर चढवायचं, साच्यात घालून शिजवायचं. वीस वर्षं तेच केलं. मग ताईने इथे परदेशात बोलावलं. कागदपत्रं दाजींनी भरली. विमानतळावर दाजी आले. लायसन्सच्या परीक्षेचे प्रश्न त्यांनी रोज ऑफिसातून आल्यावर माझ्याकडून पाठ करून घेतले. टायरच्या दुकानातलं कामही त्यांच्याच ओळखीने मिळालं. मी आजही त्यांच्या बेसमेंटमध्ये राहतो. हे मी विसरत नाही, आणि विसरत नाही हीच पंचाईत आहे. दाजींसमोर उभा राहिलो की माझं वाक्य मध्येच ढिलं पडतं. "टायर बदलायलाच पाहिजेत" असं घोकत जिना चढतो आणि वर जाऊन म्हणतो, "बघा, तुम्हाला वेळ मिळाला तर."

नोव्हेंबरात पहिल्यांदा काढला विषय.

"अरे, याची ग्रिप बेस्ट आहे यार. चाळीस रिव्ह्यू वाचलेत मी."

"ती उन्हाळ्यातली ग्रिप, दाजी. थंडीत हे रबर कडक होतं. पाय टाकला की सरकणार."

"बर्फ कुठाय पण? बर्फ पडेल त्या दिवशी गाडी काढायचीच नाही. सिंपल."

इथेच सगळं अडायचं. दाजीच नाही, त्यांच्या ग्रुपमधले सगळेच तसे. शनिवारी कुणाच्या घरी जमले की फोनमध्ये बर्फ कधी ते बघतात, तापमानाचा आकडा कुणी बघत नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे स्वेटर. इथे आलो की थंडी म्हणजे बर्फ. कोरडा, स्वच्छ, ऊन पडलेला रस्ता धोक्याचा असू शकतो हे पटतच नाही, कारण दिसत नाही ना! मला पटतं ते मी हुशार म्हणून नाही. मी सकाळी दुकान उघडतो आणि थंडगार टायर हातात घेतो, म्हणून. हा असला मऊ टायर गोठवणाऱ्या थंडीत हाताला अगदी प्लॅस्टिकच्या बादलीसारखा लागतो.

बरं, नुसतं बोलून थांबलो नाही. दुकानातल्या एकाकडून साध्या काळ्या रिम घेतल्या, त्यांवर हिवाळी टायर चढवले आणि चारही चाकं गॅरेजात आणून ठेवली. गाडीला लावायचं अर्ध्या तासाचं काम होतं. दाजींनी बघितलं आणि म्हणाले, "या कढया लावायच्या माझ्या गाडीला?"

ताई हसली. मीपण हसलो. काय करणार!

मग मी एक मूर्खपणा केला. दाजी ऐकत नाहीत, गाडी तर रोज बाहेर जाते, म्हणून माझ्या मनाने गुपचूप चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. शेडमध्ये असताना ट्रकवाले चिखलात हवा कमी करायचे, टायर पसरतो, पकड येते. तेच डोक्यात. पण इथे थंडीने हवा आपोआपच उतरते हे मला माहीत असून मी विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागला, दाजी हायवेवरून परत आले, आणि मी कबूल केलं.

"तू माझ्या गाडीतली हवा काढलीस? मला न विचारता?"

"पकड येईल म्हणून..."

"मॅन्युअल आहे ना रे गाडीचं! असं अंदाजपंचे नसतं इथे."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी हवा परत भरली, काट्यावर बघून, मॅन्युअलमधल्या आकड्याएवढी. पण त्या दिवसापासून मी टायर म्हटलं की दाजी नुसते "हं" म्हणायचे. माझ्या एका चुकीने माझं बरोबर असलेलंही वाया गेलं. त्या गाडीत माझी भाची बसते, सोळा वर्षांची. रात्री पडल्या पडल्या मला तेच दिसायचं.

आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी तिला घेऊन बसायची वेळ माझ्यावरच आली. तिची वादविवादाची स्पर्धा होती, टीमची बस सातला शाळेतून सुटणार. मोठी गाडी घेऊन ताई फार्मसीत ड्यूटीवर गेलेली. मी कामाला एकाबरोबर जातो, माझी गाडी नाही. दाजी सोडणार होते, पण त्यांचं ऑफिसचं काहीतरी बंद पडलं, इंडियाशी कॉल सुरू. त्यांनी कानावरचा हेडफोन थोडा बाजूला केला.

"तू सोड रे तिला. जपून जा."

फोनमध्ये आकडा अठरा. फॅरेनहाइट, म्हणजे पाणी गोठतं त्याच्याही बरंच खाली. आभाळ स्वच्छ. भिंतीला माझी चार काळी चाकं टेकवलेली. मला म्हणायचं होतं, अर्धा तास द्या, चाकं बदलतो. अर्धा तास नव्हता. नाही, खोटं कशाला लिहू. भाची साडेसहाला खाली आली, मी पावणेसहापासून जागा होतो. मला विचारायची छाती झाली नाही.

"हो दाजी," म्हणालो.

पहिला मैलभर मी अंड्यांची गाडी हाकावी तशी चालवली.

"मामा, आपल्याला आत्ता स्कूल बसने ओव्हरटेक केलं."

"करू दे."

"मामा, एक आजोबा वॉक करतायत. ते पण पुढे जातील. आय ॲम सीरियस."

"तू गप बस गं. पट्टा लावलायस ना?"

"लावलाय. ही कार इन्सल्टेड फील करत असेल."

मोठ्या चौकात डावीकडे वळायचं होतं. समोरून एकामागून एक गाड्या, मागचा हॉर्न वाजवायला लागला. एक फट दिसली आणि मी पाय किंचित जास्त दाबला. किंचित. आमच्या दुकानाच्या पिकअपला तेवढ्याने काही कळलंही नसतं. या गाडीचं मागचं अंग सुटलं. आवाज नाही, किंचाळी नाही, नुसतं सरकली, कोरड्या डांबरावर, जसं काही खाली साबण लावलाय. स्टिअरिंग फिरवलं, उलट फिरवलं, ते कुणाचंच ऐकेना. चौक आमच्याभोवती अर्धा फिरला आणि गाडी कडेच्या गवतावर, आलो तिकडेच तोंड करून थांबली. मागचं चाक कडेच्या कठड्याला घासलं. बाकी काही नाही. समोरून येणारा लाल ट्रक भाचीच्या बाजूच्या दरवाज्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला.

भाचीने आधी पट्टा सोडला. मग म्हणाली, "मी ठीक आहे. मामा, तू ब्रीद कर."

तिने टीममधल्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रिणीची आई पाच मिनिटांत आली आणि दोघींना थेट स्पर्धेच्या शाळेत घेऊन गेली. जाताना भाचीने स्वतःची लोकरी टोपी माझ्या डोक्यावर घातली. मी दाजींना फोन केला.

"परत हवा काढली होतीस का?" पहिला प्रश्न हा.

माझ्या आत काहीतरी तडकलं. "हवा बरोबर आहे. पोरगी बरी आहे, ते आधी विचारा," मी म्हणालो. "आणि ही गाडी मी इथून चालवत आणणार नाही. तुम्हीही चालवायची नाही. उचलून न्यायची." दाजींशी असं मी कधी बोललो नव्हतो. पलीकडे दाजींनी कॉलवरच्या लोकांना मध्येच तोडलं आणि चौक कुठला ते विचारलं.

अर्ध्या तासाने दाजी टॅक्सीने आले, घरातल्या चपलांवर. आधी मला आपादमस्तक बघितलं, मग गाडीला. गाडी उचलून नेणारा ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर दाढीवाला, हातात कॉफी. त्याने टायरकडे एकदा बघितलं आणि इंग्रजीत दाजींना म्हणाला की हे उन्हाळ्याचे टायर आहेत, असल्या थंडीत यावर गाडी कोण काढतं?

दाजी माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर अगदी खरं आश्चर्य.

"अरे, हा म्हणतोय हे समर टायर आहेत. थंडीत रबर हार्ड होतं म्हणे."

आता याला काय म्हणावं! मी टोपी कानावर ओढली. "हो का, दाजी," म्हणालो.

दुपारी गॅरेजात मी चाकं बदलली. दाजी जवळ टॉर्च धरून उभे, खरं तर दिवा होता, तरी. एक चाक काढलं, कढई लावली, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. आणि दाजी मला समजावून सांगत होते. तापमान चाळीस फॅरेनहाइटच्या खाली गेलं की या रबराचं काय होतं, बर्फ असायलाच हवा असं नाही, रस्ता कोरडा असला तरी कसं सरकतं. फोनवर वाचून आले होते. मी "हं, हं" करत पाना फिरवत होतो. राग इतका आलेला की नट तुटला असता. आणि त्याच वेळी त्यांच्या पायांत अजून सकाळच्याच घरातल्या चपला दिसत होत्या.

भाची स्पर्धेहून परतली, दारात उभी राहून ऐकत होती.

"बाबा, हे मामाने सांगितलं होतं तुला. नोव्हेंबरपासून. मी डायनिंग टेबलवर होते."

दाजी थांबले. टॉर्च माझ्या तोंडावरच आला.

"मग जोरात सांगायचं ना रे," ते म्हणाले.

"शेवटचं चाक राहिलंय," मी म्हणालो. "टॉर्च खाली धरा. आणि मार्चपर्यंत ही चाकं काढायची नाहीत."

"नाही काढत," दाजी म्हणाले, आणि टॉर्च खाली धरला.