चुरगळलेली कॉलर

श्रीरामपूरच्या आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले मामा बरीच वर्षं आखातात, एका हॉटेलच्या लाँड्रीत होते. तिथे उतरणाऱ्या एका तरुण अरब बातमीदाराच्या शर्टांना तेच इस्त्री करायचे. तो तेव्हा पॅलेस्टाईनच्या बातम्या द्यायचा, अजूनही देतो. मोबाईलवर तो दिसला की मामा इस्त्री बाजूला उभी करतात आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कपड्याला हात लावत नाहीत, मला शाळेची कितीही घाई असो.

"काय म्हणतोय?" मी विचारतो.

"त्येच. घरं पडली." मग हळूच म्हणतात, "लई वाळला हाय, सर. केस पिकले. तवा एक सुरकुती दिसली तरी शर्ट माघारी धाडायचा."

परवा तो पडक्या भिंतीपुढे उभा होता. जाड निळ्या जाकिटातून चुरगळलेल्या कॉलरचं एक टोक वर आलं होतं. मामांनी सवयीने अंगठा पुढे केला आणि मोबाईलच्या काचेवरच ते टोक दाबून सरळ केलं. बातमीदार सरकून गेला. त्याच्या जागी कुणाच्या तरी हळदीतला नाच सुरू झाला.

मामांनी बरंच मागेपुढे करून पाहिलं. तो सापडला नाही. मग त्यांनी माझा शर्ट पुढ्यात ओढला आणि कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिले. ती केव्हाच सरळ झाली होती.